विश्लेषण : बचावपटू इतके महाग का झाले?

जानेवारी 2018 मध्ये लिव्हरपूलने व्हर्जिल व्हॅन डाइकसाठी साउदम्प्टनला साडेसात कोटी पौंड मोजले. बचावपटूसाठी तोवर जगात कुणी एवढी रक्कम दिली नव्हती. दीड वर्षाने, ऑगस्ट 2019 मध्ये मँचेस्टर युनायटेडने हॅरी मॅग्वायरसाठी 8 कोटी पौंड देऊन तो विक्रम मोडला. याच क्लबने 2002 मध्ये रिओ फर्डिनंडला सुमारे 3 कोटी पौंडांत घेतले, तेव्हाही अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. पण गोल करणाऱ्यांशी आजही तुलना नाही. नेमारसाठी 2017 मध्येच 22.2 कोटी युरो मोजले गेले होते.

नियमांनी काय बदलले?

पूर्वी अडचणीत सापडलेला बचावपटू चेंडू मागे ढकलायचा, गोलरक्षक तो आरामात हातात घ्यायचा. 1992 मध्ये सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू हातात घेण्यास गोलरक्षकाला बंदी आली. 2019 पासून गोल किक पेनल्टी क्षेत्राच्या आतच सहकाऱ्याला देता येऊ लागली. त्यामुळे आपल्याच गोलच्या तोंडाशी, अंगावर धावून येणाऱ्या आघाडीपटूला न बिचकता अचूक पास देणे हे सेंटर बॅकचे रोजचे काम झाले. चेंडू दिसला की भिरकावून देणारा दणकट गडी बड्या क्लबच्या प्रशिक्षकांना आता पुरेसा वाटत नाही.

पैसे नेमके कशाचे?

याचे उत्तर लिव्हरपूलच्या 2018-19 च्या हंगामात सापडते. राइट बॅक ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डने प्रीमियर लीगमध्ये 12 असिस्ट केले, लेफ्ट बॅक अँडी रॉबर्टसनने 11. म्हणजे गोलआधीचा शेवटचा पास देणारे दोघे कागदावर बचावपटू होते! ते पुढे गेले की मागे मोकळे रान पडायचे. ते सांभाळायला वेगवान, उंच, शांत डोक्याचा व्हॅन डाइक होता. त्याची किंमत ही खरे तर त्या दोघांच्या स्वातंत्र्याची किंमत होती. लीगमध्ये आदल्या हंगामात 38 गोल खाल्लेल्या लिव्हरपूलने यंदा 22 च खाल्ले (नवा गोलरक्षक अॅलिसनचाही त्यात मोठा वाटा), शिवाय चॅम्पियन्स लीग जिंकली. 2019 च्या बॅलन डी’ऑरमध्ये व्हॅन डाइक मेसीच्या अवघ्या 7 गुणांनी मागे राहिला. हा पुरस्कार मिळालेले बचावपटू तीनच : बेकेनबाउर, सामर आणि 2006 मध्ये कॅनावारो.

मॅग्वायरचे काय चुकले?

मॅग्वायर हेडरमध्ये तरबेज, चेंडू पायात घेऊन पुढे सरकणारा. पण वळायला संथ. बचावफळी मैदानाच्या मध्याकडे सरकवून खेळायचे तर पाठीमागची मोकळी जागा अशा खेळाडूला उघडे पाडते. त्याच्यापुढची मधली फळी ढिसाळ असेल तर जास्तच. दोष मात्र एकट्याच्या माथी बसतो, कारण त्याच्यावर 8 कोटींचे लेबल आहे. चार संधी दवडून पाचवीवर गोल करणारा आघाडीपटू नायक ठरतो. 89 मिनिटे चोख खेळलेल्या बचावपटूची एकच चूक मोबाइलवर फिरत राहते. मॅग्वायरची वर्षानुवर्षे टिंगल झाली, जुलै 2023 मध्ये कर्णधारपदही गेले.

सिटीने वेगळे काय केले?

पेप गार्डिओलांनी त्या मोकळ्या जागेवर दुसरा उपाय शोधला. 2023 च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात इंटर मिलानविरुद्ध मँचेस्टर सिटीने अकांजी, डिआस, आके आणि स्टोन्स असे चार सेंटर बॅक उतरवले. कडेने धावणारा पारंपरिक फुलबॅक एकही नव्हता. चौघांपैकी स्टोन्स चक्क मध्यरक्षकांत जाऊन खेळला. सिटी 1-0 ने जिंकली. त्याच उन्हाळ्यात क्लबने लाइपझिगच्या योश्को ग्वार्दिओलसाठी सुमारे 7.7 कोटी पौंड मोजले. तोही मूळचा सेंटर बॅक, सिटीने त्याला बहुतांशी लेफ्ट बॅकला खेळवले.

मॅग्वायर युनायटेड सोडून गेला नाही. एप्रिल 2025 मध्ये युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व लढतीत ओल्ड ट्रॅफर्डवर ल्योनविरुद्ध युनायटेड अतिरिक्त वेळेत 2-4 असे मागे होते. प्रशिक्षकांनी मॅग्वायरला थेट आघाडीवर पाठवले. बरोबरी झाली आणि 121व्या मिनिटाला त्याच्याच हेडरने युनायटेडने सामना 5-4 असा जिंकला.