पहिल्या दिवसाच्या स्कॅनमध्ये काय दिसत नाही

रायपूरच्या पंडरीतल्या जिल्हा रुग्णालयात काय किंवा टाटीबंधच्या एम्समध्ये काय, पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारी असह्य कळ घेऊन रुग्ण आला की ‘आधी सीटी स्कॅन काढा’ असा घरच्यांचा आग्रह असतो. स्वादुपिंडाचा तीव्र दाह स्कॅनशिवाय ओळखताच येत नाही, ही समजूत त्यामागे असते आणि ती चुकीची आहे. 2012च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणानुसार तशी कळ, रक्तातले लायपेज किंवा अमायलेज कमाल मर्यादेच्या तिपटीहून जास्त, आणि स्कॅनमधल्या खुणा, या तिन्हींपैकी दोन पुरतात. पहिल्या दोन जुळल्या तर निदानासाठी सीटी लागत नाही. सोनोग्राफी मात्र प्रत्येकाची व्हावी, कारण पित्ताशयातले खडे हे या आजाराचे एक प्रमुख कारण आहे. तिचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नये. आतड्यातल्या वायूमुळे स्वादुपिंड अनेकदा झाकलेलेच राहते.

घाईचा खरा तोटा पैशांचा नाही, खोट्या दिलाशाचा आहे. स्वादुपिंडाचा मृत झालेला भाग शिरेतून दिलेला कॉन्ट्रास्ट घेत नाही, म्हणून तो स्कॅनमध्ये वेगळा दिसतो. पण हे चित्र स्पष्ट व्हायला दुखणे सुरू झाल्यापासून 72 ते 96 तास लागतात. पहिल्या दिवशी ‘सूज किरकोळ’ म्हटलेला रुग्ण चौथ्या दिवशी गंभीर ठरू शकतो. थांबलो आणि दुसराच आजार निघाला तर, हा आक्षेप रास्त आहे. आतड्याला छिद्र पडल्याची किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका असेल, तर सीटी त्याच क्षणी काढावा. निदानच अनिश्चित असताना थांबणे चूक.

कोविडच्या काळात छातीच्या सीटीचा स्कोअर घरोघरी पोचला आणि आकडा म्हणजेच आजार, असे मनात बसले. स्वादुपिंडासाठीही 1990 मध्ये बाल्थाझार यांनी मांडलेला 0 ते 10 गुणांचा निर्देशांक आहे आणि तो उपयुक्तही आहे. पण अटलांटा वर्गीकरणात ‘गंभीर’ हा शिक्का स्कॅनवरून बसत नाही. श्वसन, मूत्रपिंड किंवा रक्ताभिसरण 48 तासांहून अधिक काळ कोलमडलेले राहिले, तर बसतो. पोटात साठलेले पाणी दिसले की लगेच सुई घालून काढावे, हीदेखील घाईच. पुष्कळदा ते आपोआप जिरते, आणि मृत भागाभोवती पक्की भिंत तयार व्हायला साधारण चार आठवडे जातात. साठलेल्या पाण्यात किंवा मृत भागात हवेचे बुडबुडे दिसले किंवा ताप हटेना, तर जंतुसंसर्गाचा विचार तातडीने करावा लागतो.

म्हणून पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांना स्कोअर विचारण्याआधी लघवी किती झाली, ऑक्सिजन किती आहे आणि क्रिएटिनिन वाढते आहे का, हे विचारा.