बंद पडलेल्या संगणकाची चौकशी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही मजुरी, बोनस किंवा कामगार कायदा यांपैकी कशावर तरी बोलू अशी त्यांची समजूत होती. जुना संगणक सुरू होत नसेल तर काय करावे यावर बोलतो, असे आम्ही सांगितले तेव्हा ते क्षणभर थबकले. तुम्हांलाही नवल वाटले असेल. आमची शाळा सातवीलाच सुटली. पुढचे शिक्षण इचलकरंजीच्या यंत्रमागावर झाले आणि उरलेले संघटनेच्या कचेरीत. तेव्हा यंत्रशास्त्राचे पांडित्य आमच्यापाशी नाही. एका बंद पडलेल्या यंत्राने आम्हांस जे शिकवले, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

संगणक आणि कामगार संघटना यांचे नाते मुळात गोडीचे नव्हते. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी कलकत्त्यात या यंत्राला कडवा विरोध केला. पुढे १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँकचालक यांच्यात यंत्रीकरणाविषयी करार झाला, तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो. आज ज्या यंत्राच्या नावाने मोर्चे निघाले, त्याच यंत्रात संघटनेची सभासद-नोंदणी आणि दाव्यांचे हिशेब आहेत. नोकऱ्यांविषयीची ती भीती निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कामगाराची नोंद ज्या पेटीत आहे, ती पेटी उघडता येणे हेही आता कामगाराचे काम झाले आहे.

काय अडले होते

आमच्या कचेरीतील संगणक २००६ सालचा. त्यात एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या ६४ कामगारांची ग्रॅच्युइटीची यादी होती. १९७२ च्या कायद्याच्या हिशेबाने शेवटच्या पगाराला २६ ने भागून १५ ने गुणावयाचे आणि येणारी रक्कम सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला द्यावयाची. म्हणजे एका वर्षाची नोंद हरवली की माणसाचा १५ दिवसांचा पगार बुडाला. गिरणीच्या कचेरीला टाळे लागण्याआधी आमच्या एका सहकाऱ्याने हजेरीपटावरून ही वर्षे उतरून घेतली होती. मूळ कागद पुढे छपराच्या गळतीने भिजून लगदा झाले. गेल्या पावसाळ्यात सुनावणीची तारीख नऊ दिवसांवर आली आणि संगणकाचे बटण दाबले, तर पडदा काळाच.

आम्ही काय केले? तुम्ही कराल तेच. ते बटण वीस वेळा दाबले. मग एका दुरुस्तीवाल्यास बोलावले. त्याने झाकणही न उघडता निकाल दिला, "बोर्ड गेला, नवीन घ्या." कामगाराला आरोपपत्र न देता आणि त्याचे म्हणणे न ऐकता कामावरून काढले तर आम्ही गेटसभा घेतो. मग यंत्राला चौकशीवाचून बडतर्फ का करावे? येथून आमची चौकशी सुरू झाली.

आधी नोंद, मग यंत्र

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, संगणक बंद पडला म्हणजे त्यातील मजकूर गेला असे नव्हे. मजकूर हार्ड डिस्कवर असतो, आणि ती डिस्क वेगळी सुटी पेटी आहे. दोन तारा काढून ती बाहेर घेता येते व योग्य जोडणीने दुसऱ्या संगणकास लावता येते. मात्र डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. प्रत्येक दाबण्याने नुकसान वाढू शकते. ते काम जाणकारावर सोपवावे.

आमची डिस्क निरोगी होती. एका सभासदाच्या मुलाच्या संगणकावर तिची नक्कल उतरवली. पण यादी उघडली तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा! युनिकोड रुळण्याआधी मराठी टंकलेखन निरनिराळ्या फाँटांत होत असे. तो फाँट यंत्रात नसेल तर मराठी अक्षरे दिसत नाहीत. आमचा फाँट त्या जुन्या संगणकातच बसवलेला होता. तेव्हा तो संगणक उठवणे भाग होते.

वीज कुठवर पोचते?

मागावर असताना आमचा जॉबर एक शिस्त पाळीत असे. माग थांबला की तो आधी हत्यार उचलत नसे, कुठे थांबला ते पाही. ताण्याचे सूत तुटले, की बाण्याचे, की धोटा अडकला? संगणकासही हाच प्रश्न विचारावा : वीज भिंतीपासून निघून कुठवर पोचली?

प्रथम भिंतीच्या सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लावून पाहावा. नंतर यूपीएस व वायरींचा बोर्ड मधून काढून संगणक थेट सॉकेटला जोडावा, कारण दोष पुष्कळदा या मधल्या मंडळींतच असतो. बऱ्याच जुन्या पडद्यांची वीज-वायर आणि पेटीची वायर एकाच जातीची असते, तेव्हा ती अदलून पाहावी. पेटीच्या मागे लहान स्विच असतो, तो झाडझुडीत बंद झालेला नाही ना ते पाहावे. काही पेट्यांना मागे लाल सरकते बटण असते. त्यावर २३० हाच आकडा दिसला पाहिजे. ते ११५ वर ठेवून आपल्याकडील वीज दिली तर आतील भाग जळतो.

इतके करूनही पंखा हलत नसेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीवर जातो. भिंतीतील वीज घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशी बेताची वीज आत वाटते. मल्टिमीटर असेल तर मोजावे. शेकडा पाचापेक्षा जास्त फरक असू नये. नुसता पंखा फिरला म्हणजे पुरवठा ठणठणीत आहे असे समजू नये. आणि एक ताकीद : एसएमपीएसची पेटी आपण कदापि उघडू नये. तिच्यातील कपॅसिटरांत सुमारे ३२५ व्होल्टचा साठा असतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो.

पंखा फिरतो, पडदा काळा

आमच्या यंत्राचा पंखा फिरत होता. म्हणजे वीज आत पोचत होती आणि पुढे कुठे तरी अडत होती. पडदा पेटीपासून सोडवला तेव्हा त्यावर "सिग्नल नाही" असा मजकूर आला; म्हणजे पडदा जिवंत, चित्रच पोचत नाही.

आता झाकण उघडावयाचे. वायर काढावी, थोडा वेळ थांबावे, आणि अंगातील स्थिर वीज जावी म्हणून पेटीच्या उघड्या धातूला हात लावून मग आत हात घालावा. प्रथम डोळ्यांनी पाहावे. १९९९ ते २००७ च्या सुमारास जगभर अनेक बोर्डांवर सदोष कपॅसिटर बसवले गेले. हे लहान उभ्या डब्यांसारखे दिसतात. त्यांचे डोके सपाट असावयास हवे. ते फुगले असेल किंवा त्यातून तपकिरी द्रव झिरपला असेल, तर दोषी सापडला असे समजावे. आमच्या बोर्डावरील सर्व डोकी सपाट होती.

संगणक सुरू होताना स्वतःचीच तपासणी करतो आणि काही उणे असेल तर बीप वाजवून सांगतो. बीपची भाषा बोर्डागणिक वेगळी असते. आमचे यंत्र मुकेच होते. पाहतो तो बीप वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची वायर निसटलेली! साक्षीदार हजर होता, त्याचे तोंडच बांधलेले होते. वायर जोडली आणि यंत्राने लांब बीप देण्यास सुरुवात केली. म्हणजे बोर्ड बोलत होता. ज्याला मृत ठरवले, तोच तक्रार सांगत होता.

बोर्डाच्या पुस्तिकेप्रमाणे ती तक्रार रॅमविषयी होती. रॅमच्या पट्टीला खाली सोनेरी दात असतात. दमट हवेत व धुळीत त्यांवर मळ बसून जोड तुटतो. दोन पट्ट्या होत्या. येथे आम्ही घाई केली. दोन्ही काढल्या, पुसल्या, जागा बदलून बसवल्या. यंत्र तरी ओरडेच; आणि दोष पट्टीत की जागेत, हे कळेनासे झाले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली : एक पट्टी, एक जागा, एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. दात खोडरबराने हलके पुसले, भुगा झटकला, दोन्ही बाजूंचे चाप टक् करून बसेपर्यंत पट्टी दाबली. तिसऱ्या प्रयत्नात पडद्यावर अक्षरे उमटली. एक पट्टी खरोखरच निकामी होती, दुसरी चांगली होती.

तरीही यंत्र पुढे जाईना. तारीख चुकली आहे, एफ-१ दाबा, असा मजकूर येऊन ते थांबे. बोर्डावर तीन व्होल्टचा चपटा सेल असतो; वीज नसतानाही तो घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की यंत्र वर्षे विसरते. सेल बदलला, तारीख घातली, आणि यादी उघडली. ६४ नावे, अगदी मराठीत.

नंतर

यादी त्याच दिवशी छापली. मग एकाने नाव आणि वर्षे मोठ्याने वाचावयाची व दुसऱ्याने युनिकोडमध्ये लिहावयाची, असे दोन रात्री चालले. आता तिच्या तीन नकला तीन ठिकाणी आहेत. त्या संगणकास आम्ही इंटरनेट जोडत नाही. त्यातील विंडोज एक्सपीला कंपनीकडून मिळणारी सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबली. उद्या तो भंगारात गेलाच, तर डिस्क काढून घेऊनच जाईल. ६४ घरांचा हिशेब भंगारवाल्याच्या हाती द्यावयाचा नसतो.

नवीन यंत्र कधीच घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. बोर्ड खरोखर गेला असता तर आम्हीही वर्गणी काढली असती. पण "गेला" हा शब्द चौकशीच्या शेवटी यावा, आरंभी नव्हे. आणि चौकशीसाठी लागते काय? एक दिवा, एक स्क्रूड्रायव्हर, एक खोडरबर, एक वही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा धीर. यांतील धीरच काय तो बाजारात मिळत नाही.

सुनावणीत यादी दाखल झाली. निकाल अद्याप यावयाचा आहे. गिरणीचे कामगार मधूनमधून कचेरीत येतात, आपले नाव व वर्षे कागदावर बोट ठेवून पाहतात आणि जातात. तुमच्या घरी, पतपेढीत किंवा वाचनालयात असे एखादे मुके यंत्र कापडाखाली झाकून ठेवले असेल, तर घरी गेल्यावर ते कापड उचलून पाहा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.