परसात बटाटा लावताय? मातीची भर चुकवू नका

रब्बीचा बटाटा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावतात. परसात दोन सऱ्या निघाल्या तरी पुरे. कोंब फुटलेलं निरोगी बेणं घ्या. कापायचं असेल तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवा, काप सुकल्यावरच लावा. दोन बेण्यांत वीतभर अंतर सोडा.

खरं काम पुढे आहे. नवे बटाटे बेण्याच्या वरच्या बाजूला धरतात. माती कमी पडली की ते उघडे पडतात आणि उजेडाने हिरवे होतात. अशा बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं, ते शिजवूनही जात नाही. म्हणून साधारण महिन्याने, झाडं वीतभर झाली की दोन्ही बाजूंनी भुसभुशीत माती चढवा. पाण्याने माती खचली तर पुन्हा भर द्या. तरीही हिरवा बटाटा निघालाच, तर भाजीत घालू नका.