चांगला फिटर, मग चांगला निदेशक?

आयटीआयमध्ये शिकवणारा तो शिल्प निदेशक. त्याच्यासाठी केंद्र सरकारचा एक वर्षाचा सीआयटीएस अभ्यासक्रम आहे. अशी पहिली प्रशिक्षण संस्था १९४८ साली बिलासपूरजवळ कोनी इथे निघाली. मुंबईत हे काम चुनाभट्टीची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था करते. आयटीआय झालेले, तसेच अभियांत्रिकीचे पदविका-पदवीधारकही इथे येतात.

लेथवर हात बसलेल्या माणसाचा खरा कस लागतो तो फळ्यासमोर. पाठ टाचण काढायचं, मग चार पायऱ्या: पूर्वतयारी, सादरीकरण, मुलांकडून करवून घेणं, चाचणी. कानस किती दाबायची हे बोटांना ठाऊक असतं. ते पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला शब्दांत सांगणं फार अवघड, आणि माझ्या मते या वर्षाची सगळी किंमत तिथेच आहे.

तरीही अनेक राज्यांत निदेशकांची पदं रिकामी आहेत, तासिका तत्त्वावर वर्ग चालतात आणि शिकवणाऱ्या अनेकांचं हे प्रशिक्षण झालेलंच नाही. एकुलत्या निदेशकाला वर्षभर पाठवलं, तर त्याच्या तुकडीला कोण शिकवणार? शाळांमध्ये नववीपासून व्यवसाय विषय शिकवणारे तर बहुधा खासगी संस्थांमार्फत कंत्राटावर असतात. त्यांना मिळतं ते थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, आणि पुढच्या जूनमध्ये नोकरी असेल याची खात्री नाही.