पडद्यावरचे वर्तुळ

सायकलची साखळी नीट पाहा. पुढच्या मोठ्या चाकावरून ती वळते आणि एका जागी चाक सोडून सरळ मागच्या लहान चाकाकडे जाते. जिथे ती चाक सोडते, तिथे साखळीची सरळ रेघ वर्तुळाला एकाच बिंदूत टेकलेली असते. अशा रेषेला मराठीत स्पर्शिका म्हणतात. तुमच्या उर्दू भूमितीत वर्तुळ म्हणजे दायरा, त्रिज्या म्हणजे निस्फ कुतर आणि स्पर्शिका म्हणजे मुमास. नावे वेगळी, पण नियम एकच : स्पर्शबिंदूतून काढलेली त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते.

हाच नियम घेऊन आमच्या शाळेतील दहावीची एक विद्यार्थिनी संगणकासमोर बसली. स्केचअप नावाच्या आज्ञावलीत तिने 150 मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले. केंद्राच्या थेट उजवीकडे, 250 मिलिमीटर अंतरावर एक बिंदू घेतला. त्या बिंदूतून तिला स्पर्शिका काढायची होती. काटकोन त्रिकोणाचा कर्ण 250, एक बाजू 150, म्हणून उरलेली बाजू 200. केंद्राशी होणाऱ्या कोनाचे कोसाइन 150 भागिले 250, म्हणजे 0.6. तो कोन 53.13 अंशांचा. तिने कोन मोजला, 150 अंतरावर स्पर्शबिंदू घेतला, रेघ ओढली. लांबी बरोबर 200 आली. पण चित्र मोठे करून पाहते तो काय, रेघ वर्तुळाला टेकलेलीच नाही! मध्ये एक मिलिमीटरहून जास्त फट. ती म्हणाली, “सर, माझं चुकलं की पायथागोरसचं?”

दोघांचेही नाही. स्केचअपमधले वर्तुळ हे खरे वर्तुळ नसतेच. आपण काही बदल केला नाही, तर तो 24 समान बाजूंचा बहुभुज असतो. त्याचे कोपरे खऱ्या वर्तुळावर असतात. बाजू मात्र आत दबलेल्या असतात. तिच्या चित्रात बाजूचा मध्यबिंदू केंद्रापासून 150 नव्हे, तर 148.72 मिलिमीटरवर होता. कोपरे दर 15 अंशांवर. 53.13 हा कोन 45 आणि 60 यांच्या जवळजवळ मधोमध येतो, म्हणजे नेमका जिथे वर्तुळ सर्वांत जास्त आत गेलेले आहे तिथे.

अशा वेळी पुष्कळ मुले रेघ सरकवून जवळच्या कोपऱ्याला चिकटवतात. फट जाते, पण हिशेबही जातो. 60 अंशांवरच्या कोपऱ्याला रेघ जोडली, तर तिची लांबी 200 ऐवजी 217.9 भरते. चित्र छान दिसते, म्हणून ही चूक फार उशिरा कळते.

मग उपाय काय? आधी स्पर्शबिंदू काढावा, वर्तुळ नंतर. पहिली क्लिक केंद्रावर आणि दुसरी त्या स्पर्शबिंदूवर केली, की बहुभुजाचा एक कोपरा तिथेच येतो आणि रेघ अचूक टेकते. तिने तसे केले. वरची स्पर्शिका जमली, खालची नाही, कारण दोन स्पर्शबिंदूंमधला 106.26 अंशांचा कोन 15 च्या पटीत नाही. तेव्हा बाजू वाढवाव्या लागल्या. वर्तुळाचे साधन निवडल्यावर, पहिली क्लिक करण्यापूर्वी 96 लिहून एंटर दाबले, की फट 0.08 मिलिमीटरच्या वर जात नाही. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर शोधताना आर्किमिडीजही 96 बाजूंच्याच बहुभुजापर्यंत गेला होता. त्याच्याजवळ संगणक नव्हता, एवढाच फरक!

जिओजेब्रात ही अडचण येत नाही. तिथे वर्तुळ बाजूंनी नव्हे, समीकरणाने साठवलेले असते.

आता तुम्ही त्रिज्या 70 आणि अंतर 250 घ्या, वर्तुळ 24 बाजूंचेच ठेवा आणि त्रिज्या बाहेरच्या बिंदूच्या दिशेने ओढा. स्पर्शिका 240 भरायला हवी. या वेळी फट केसाएवढीसुद्धा दिसणार नाही. असे का, ते कोन मोजून शोधा.