कांद्याची पट्टी आणि विवंचनेतले मन

बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा घातला, किलोमागे रुपया भाव मिळाला, आणि भाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला, ही फेब्रुवारी 2023 मधील वार्ता शेजारच्या मोहोळ तालुक्यात कोणास नवलाची वाटली नसेल. क्लेशाची मात्र खचित वाटली असेल. तिच्यामागोमाग शहरी अभिप्रायही आला की, चढा भाव पाहून सारेच एका पिकामागे धावतात, त्याला कोण काय करणार?

यात तथ्य आहे. जे चटकन आठवते ते वारंवार घडत असावे असे मन गृहीत धरते, हे मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि काहनेमान यांनी 1973 साली दाखविले. शेजाऱ्याची एका हंगामातील घसघशीत पट्टी म्हणूनच गावभर स्मरणात राहते, आणि मातीमोल गेलेल्या पिकाच्या पट्ट्या कोनाड्यात पडून राहतात. परंतु एवढ्यावरून शेतकऱ्यास अविचारी ठरविणे मला सर्वथा अमान्य आहे. मोहोळच्या संशोधन केंद्राने दिलेली मालदांडी 35-1 ज्वारी, पुढे कितीही नवे वाण आले तरी, भाकरीची चव, कडब्याची प्रत आणि अवर्षणातील तग यांचा हिशेब करून ज्यांनी राखली, त्यांना तारतम्य कोणी शिकवावे?

हे तारतम्य झाकोळते ते विवंचनेने. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शाफिर आणि जियायिंग झाओ या संशोधकांनी तमिळनाडूतील 464 ऊसउत्पादकांची बुद्धिपरीक्षा सुगीपूर्वी, हात रिकामे असताना, आणि पुन्हा पैसा आल्यावर घेतली. माणसे तीच, तरीही विवंचनेच्या दिवसांत त्यांची तर्कशक्ती लक्षणीय मंद आढळली, असे 2013 साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमेरिकेत पगाराच्या आधी व नंतर केलेल्या पाहणीत असा फरक दिसला नाही, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. परंतु ठरल्या दिवशी पगार घेणारा आणि वर्षाकाठी एकदा उसाचे बिल पाहणारा यांची विवंचना एका मापाने कशी मोजावी?

मोहोळात कांद्याप्रमाणे ऊसही आहे. उसाचे बिल 14 दिवसांत द्यावे आणि विलंब झाल्यास सालीना 15 टक्के व्याज द्यावे, असे बंधन 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्यांवर घातलेले आहे. मृगाच्या तोंडावर कांद्याचे बी टाकावे की तूर पेरावी, हा निर्णय थकलेल्या बिलाच्या आणि सोसायटीच्या तगाद्याच्या सावटाखाली घ्यावा लागू नये, एवढ्यासाठी साखर आयुक्तालयाने ती मुदत कसोशीने पाळवून घ्यावी आणि व्याज वसूल करून द्यावे. पीकनियोजनाची शिबिरे त्यानंतर खुशाल भरवावीत.