यंत्राची आगोट

मे महिना सरत आला की कोकण किनाऱ्यावर होड्या वर ओढून घेतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, म्हणजे दोन महिने होडीला काम नाही. पण काम नाही म्हणून तिला कुणी तशीच टाकून देत नाही. तळाला चिकटलेलं सगळं खरवडतात, इंजिनाचं तेलपाणी करतात, वरून झापांनी नाहीतर ताडपत्रीने तिला शाकारतात. त्याच किनाऱ्याच्या पाठीमागे, वसई-भिवंडीच्या गाळ्यांमध्ये प्लास्टिक मोल्डिंगची मशिनं उभी असतात. ऑर्डर तुटली किंवा मंदी आली की त्यातलं एखादं बंद होतं. त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा एवढाच निरोप येतो: मेन स्विच खाली, शटर खाली. चालून झिजलेल्या मशिनांपेक्षा अशी उभ्या उभ्या वाया गेलेली मशिनं मी अधिक पाहिली आहेत, आणि दर वेळी जीव हळहळला आहे.

१८७२ साली अमेरिकेत जॉन वेस्ली हायट आणि त्यांचे भाऊ आयझाया यांनी सेल्युलॉइडसाठी ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते एका मोठ्या पिचकारीसारखं होतं. तापवलेलं नळकांडं, त्यात दट्ट्या, पुढे साचा. १९४६ मध्ये जेम्स हेन्ड्री यांनी दट्ट्याच्या जागी फिरता स्क्रू बसवला आणि आजची मशिनं त्याच वाटेने आली. हॉपरमधून दाणा पडतो, बॅरलमध्ये स्क्रूच्या आट्यांतून घुसळत, वितळत पुढे सरकतो, नोझलमधून डायमध्ये, म्हणजे साच्यात, शिरतो. डायच्या पोटातून गार पाणी फिरत असतं, तिथे माल घट्ट होतो आणि वस्तू बाहेर पडते. आग, पाणी, तेल आणि वीज अशी एका घरात नांदतात. यंत्र थांबलं की प्रत्येकाचं दुखणं वेगळं सुरू होतं.

सगळ्यात मोलाचा असतो शेवटचा तास, कारण बॅरलमध्ये काय उरलं यावर पुढचं पुष्कळ काही ठरतं. पॉलिकार्बोनेट तीनशे अंशांच्या आसपास वितळवतात. ते भरलेलं असतानाच हीटर बंद केले तर थंड होताना ते आकसतं, पण लोखंडाची धरलेली पकड सोडत नाही. नायट्रायडिंग करून कठीण केलेला स्क्रूचा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, आणि आकसणारं पॉलिकार्बोनेट त्याचेच कपचे ओढून काढू शकतं. पीव्हीसीची तऱ्हा निराळी. त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असतं. बॅरलमध्ये ते तापत पडून राहिलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, हवेतल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं आणि ते स्क्रू, बॅरल, डाय या तिन्हींना खातं. म्हणून बंद करण्याआधी पर्जिंग हवंच. साधा पॉलिथिलीनचा दाणा घालून, रंग जाऊन स्वच्छ माल येईपर्यंत बॅरल धुवायचं, मग रिकामं करून स्क्रू पुढे आणून ठेवायचा. पीव्हीसीच्या मागोमाग थेट ॲसिटाल मात्र कधीही घालू नये. गरम बॅरलमध्ये हे दोन एकत्र आले तर ॲसिटालचं झपाट्याने विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड सुटतं, आणि वितळलेला माल उसळून ऑपरेटरच्या तोंडावर येऊ शकतो.

काम थांबलं म्हणजे रसायनही थांबलं, हा समज किती जीवघेणा ठरतो ते मे २०२० मध्ये विशाखापट्टणमजवळ दिसलं. ज्यापासून पॉलिस्टायरीन बनतं ते स्टायरीन टाळेबंदीच्या काळात टाकीत नुसतं साठून राहिलं होतं. ते आतल्या आत तापत गेलं, ७ मेच्या पहाटे त्याची वाफ वस्तीत शिरली आणि माणसं दगावली. दोनच दिवसांनी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने बंद कारखाने पुन्हा सुरू करण्याबाबत सूचना काढल्या. गाळ्यातल्या मशीनची आणि त्या टाकीची बरोबरी होत नाही. तरी त्या पहाटेनंतर ‘नुसतं बंद तर आहे’ हे वाक्य माझ्याच्याने ऐकवत नाही.

दीडशे टनी मशीन डायला दीडशे टनांच्या जोराने बंद धरतं. त्या जोराने डायभोवतीचे चारही टाय बार, म्हणजे जाड दांडे, केसभर ताणले जातात. हा ताण शॉटपुरता, म्हणजे डाय एकदा भरण्यापुरता असतो, महिनोन्‌महिने ठेवायचा नसतो. म्हणून डायचे दोन भाग नुसते एकमेकांना टेकवून ठेवायचे, डाय दाबून धरणारा टॉगल लॉक करायचा नाही. पाण्याच्या लाइनी कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून कोरड्या करायच्या. डायच्या पोटात राहिलेलं पाणी बाहेरून दिसत नाही, गंज मात्र तिथूनच धरतो.

पावसाळा तर घात करायलाच बसलेला असतो. हवा तीस अंश आणि आर्द्रता ऐंशी टक्के असेल, तर साधारण सव्वीस अंशांच्या लोखंडावर दव जमायला लागतं. रात्री गार झालेलं काही टन लोखंड सकाळच्या हवेबरोबर लगेच तापत नाही, त्यामुळे छपराखाली, पावसाचा थेंबही न लागता, मशीन ओलं होतं. आर्द्रता साठ टक्क्यांच्या पलीकडे गेली की पोलादाचा गंज एकदम वेग घेतो, हे व्हर्नन या इंग्रज संशोधकाने १९३०च्या दशकात दाखवून दिलं. तेव्हा प्लास्टिकच्या कागदात मशीन घट्ट गुंडाळणं ही माया नव्हे, ओल कोंडणं आहे. आच्छादन वरून असावं, खालून वारा खेळावा. टाय बार आणि सिलिंडरचे रॉड ग्रीसने माखावेत. हायड्रॉलिक तेलाची टाकी भरलेली ठेवावी, कारण टाकीतल्या रिकाम्या जागेत हवा असते, हवेत बाष्प, आणि तेच थेंब होऊन तेलात उतरतं.

डायची आरशासारखी घासलेली कॅव्हिटी उघड्या बोटाने पुसू नये. घामातलं मीठ राहतं आणि काही दिवसांत बोटाचा ठसा गंजाच्या रूपात वर येतो. स्वच्छ फडकं, गंजरोधक स्प्रे, मग डाय बंद. पॅनलमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि केबलची भोकं उंदरांसाठी बुजवावीत. कंट्रोलरमधली बॅटरी संपली तर सगळी सेटिंग पुसली जाऊ शकतात, म्हणून ती वहीत उतरवून घ्यावीत. सर्व्हो ड्राइव्हचे कपॅसिटर वर्षभर विजेविना राहिले तर त्यांना एकदम पूर्ण दाबाची वीज देता येत नाही, पायरीपायरीने द्यावी लागते.

जुन्या टूलरूममध्ये एक रीत असते. डाय उतरवताना शेवटच्या शॉटचा तुकडा, माल वाहून आलेल्या रनरच्या काडीसकट, डायलाच बांधून ठेवतात. त्यावर तारीख लिहिलेली असते, कुठे बर, म्हणजे कडेला जादा माल, आलाय तिथे पेनाने गोल केलेला असतो. महिन्यांनी मशीन सुरू करताना आधी तेल पाहायचं, दुधाळ तर झालेलं नाही ना. हीटर लावून बॅरल आतपर्यंत तापेस्तोवर थांबायचं, कारण अर्धवट गोठलेल्या मालात स्क्रू फिरवला तर तो मोडतो. मग कमी दाबाचा पहिला शॉट घ्यायचा, तो बांधून ठेवलेल्या तुकड्याशेजारी टेबलावर ठेवायचा, आणि दोन्ही उजेडाकडे धरून बघायचे.